जहाजावर नेसायचं धोतर

आमच्या रोह्यात पुरुषमाणूस जेवायला बसताना कपडे घालत नाही, काढतो. कामावरून आला की शर्ट खुंटीला, पँट दोरीवर, दोन तांबे अंगावर, आणि मग लुंगी-गंजीत स्वारी पाटावर. पहिल्या चार घासांत गंजी छातीपर्यंत गुंडाळली जाते. पोटाला वारा लागल्याशिवाय भात खाली उतरत नाही असं आमच्या आळीतल्या समस्त पुरुषवर्गाचं मत आहे आणि त्याविरुद्ध बोलणारा अजून जन्माला यायचा आहे. घराघरांत पंखे आले, एका घरात तर एसीही आला, पण गंजी वर जायची ती जातेच.

आमचे हे याच पंथातले. आयुष्यभर कंपनीत होते. रोह्यात कंपनी म्हणजे केमिकलची, आणि नोकरी म्हणजे शिफ्ट. निळा युनिफॉर्म, काळे बूट, डोक्यावर हेल्मेट. कँटीनमधली जेवणाची सुट्टी इतकी तोकडी की माणूस गिळायला शिकतो आणि चावायला विसरतो. ती सवय ते रोज डब्याबरोबर घरी घेऊन यायचे. निवृत्त झाल्यावर युनिफॉर्म गेला, हेल्मेट गेलं, सवय तेवढी पेन्शनसारखी चालू राहिली. मी वाढायला घेतलं की हे जेवायला लागायचे, आणि मी तव्यावरची भाकरी घेऊन बाहेर येईपर्यंत हात धुऊन ओटीवर सुपारी कातरत बसलेले असायचे. माझं पान त्यानंतर.

हॉटेलात गेलो तरी तेच. माझा डोसा अर्धा व्हायच्या आत यांचा संपलेला, आणि हे गल्ल्यापाशी जाऊन उभे. तिथून माझ्याकडे असे बघायचे की जणू शेवटची एसटी सुटतेय. मग मी उरलेला डोसा पेपरात बांधून घ्यायची.

तर मला एकदा नवऱ्यासमोर बसून, त्याच वेळी, शेवटपर्यंत जेवायचं होतं. वाढणारं कोणीतरी दुसरं हवं होतं. माझी इच्छा एवढीच, पण ती मला फार वर्षं खुपत होती. कोणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर ‘मग बस की, कोणी धरलंय तुला’ असं उत्तर आलं असतं, आणि बसले असते तर भाकऱ्या तव्यावर जळल्या असत्या.

अशात लेक-जावयाने आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला जहाजाची तिकिटं काढली. मुंबईहून गोवा आणि परत. आमचे हे तिकिटाकडे बराच वेळ बघत राहिले.

“गोव्याला जायला आधी मुंबईला जायचं?” ते म्हणाले. “अगं, कोकण रेल्वे आपल्या रोह्यातून सुरू होते. इथं बसलो तर दुपारचं जेवण गोव्यात. हे म्हंजे हात मागून फिरवून घास तोंडात घालायचा.”

“घाला,” मी म्हटलं. लेकीने फोनवर सांगितलं होतं की जहाजावर एका संध्याकाळी मोठ्या हॉलमध्ये जेवण असतं, दोघादोघांची टेबलं असतात, आणि वाढपी आपल्याला उठूच देत नाहीत. मला आणखी काही ऐकायची गरज नव्हती.

मग फोनवर त्या जेवणाचे नियम आले. बायकांसाठी एकच ओळ होती, की छान तयार होऊन या. पुरुषांसाठी मात्र सगळा पाढा वाचला होता. कोट, पूर्ण पँट आणि बंद बूट, किंवा राष्ट्रीय पोशाख. अर्धी चड्डी चालणार नाही, बिनबाह्यांची गंजी चालणार नाही, चपला चालणार नाहीत. वाचून मला वाटलं, कोणीतरी जेवणाच्या वेळी आमच्या खिडकीतून डोकावून हे लिहिलंय.

“मी नाय जात,” हे म्हणाले. “आयुष्यभर दुसऱ्यानं सांगितलेले कपडे घालून जेवलो. आता नाय. वरच्या मजल्यावर लायनीत घेऊन जेवायचं पन हाय ना? तिथं कायपन घातलं तरी चालतं. तिथं जेवू.”

“हातात प्लेट घेऊन रांगेत उभं राहायला मी समुद्रात येणार नाही. ते मी लग्नात करते.”

“मग तू जा त्या हॉलात. मी वर जेवतो.”

तेव्हा मी बोलून टाकलं. म्हटलं, “मला तुमच्यासमोर बसून जेवायचंय.”

“रोज जेवतोच की आपण.”

“रोज तुम्ही जेवता. मी वाढते.”

यांनी सुपारीचा डबा उघडला, बंद केला. “बघू,” म्हणाले. आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे अर्धा होकार असतो, त्यामुळे मी लगेच ट्रंक उघडली.

ट्रंकेत लग्नातला कोट होता. त्या कोटात पूर्वी एक सडपातळ तरुण राहत असे. आता यांचा एक हात आत गेला आणि दुसरा बाहेरच राहिला. बाजारातल्या शिंप्याकडे नेला तर त्याने कोट उलटा केला, सुलटा केला आणि यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. “काका, कोट वाढत नाय,” तो म्हणाला. “तुमी कमी होत असलात तर बोला.”

कोटाखाली आहेरात आलेल्या पँटपीसांचा ढीग होता. आमच्याकडच्या आहेराच्या कापडाची गंमत अशी की ते शिवायचं नसतं, फिरवायचं असतं. त्यातला एक तपकिरी पीस मी स्वतः नागोठण्याच्या लग्नात दिला होता. तो पेण, वडखळ असा फिरत फिरत पुन्हा माझ्याच घरी आला होता, खोक्यावरच्या तेलाच्या डागासकट. तोही शिंप्याला दाखवला. त्याने घडी मोडली तर ती चुलत्याच्या रागासारखी तशीच्या तशी परत बसली. कापड घडीवर विरलं होतं. त्याचा कोट होण्याची आशा मी सोडली.

राहिला राष्ट्रीय पोशाख. तो कोणता, यावर कुंडलिकेच्या काठच्या बाकावर यांच्या मित्रमंडळींची संध्याकाळभर चर्चा झाली. हे सगळे कंपनीतून निवृत्त झालेले, त्यामुळे कुठल्याही विषयावर मीटिंग घ्यायची त्यांना सवय. एक म्हणाला सफारी, कारण साहेब लोक तीच घालायचे. दुसरा म्हणाला पायजमा-झब्बा. तिसरा पूर्वी युनियनमध्ये होता. तो म्हणाला, “देशात बहुसंख्य मानसं जे घालून जेवतात, तो राष्ट्रीय. म्हंजे लुंगी-गंजी.” हे घरी आले ते जिंकल्यासारखे. ठराव झाला म्हणाले. मी म्हटलं, ठराव बाकावर ठेवून या आणि उद्या माझ्याबरोबर हमरापूरला चला.

हमरापूर माझं माहेर, पेणपासून जवळच. भावाचा गणपतीचा कारखाना आहे. आम्ही गेलो तेव्हा मूर्ती रंगून झाल्या होत्या आणि त्यांना कपडे नेसवायचं काम चाललं होतं. हल्ली लोकांना मूर्तीवर रंगाचं धोतर चालत नाही, खऱ्या कापडाचं लागतं. त्यामुळे भावाच्या हाताला निऱ्यांची अशी सफाई आलीय की शिंप्याने बघत राहावं. मी त्याला अडचण सांगितली. तो मोठ्याने हसला.

“ताई, तू योग्य ठिकाणी आलीस. जेवायला बसायचं त्याच्याइतकं कोनाला माहीत हाय?” त्याने समोरच्या मोठ्या गणपतीकडे बोट केलं. “दारोदार नैवेद्य घेतो. त्याला कोन कोट घालतंय? पीतांबर नेसायचं, शेला घ्यायचा, वर उघडं. भावोजींना तसंच करतो.”

“वर उघडं नको,” मी म्हटलं.

“मग वरून झब्बा.”

त्याने यांना पाटावर बसवलं, दोन मूर्तींच्या मधोमध. दोन्हीकडची आणि मधली अशी तिन्ही पोटं एका मापाची होती. काम करणाऱ्या मुली तोंडावर पदर घेऊन हसायला लागल्या. यांना मात्र ते आवडलं असावं, कारण ते छाती पुढे काढून बसले. भावाने रेशमी कापड घेतलं, सोनेरी काठ लावला, एकावर एक निऱ्या रचल्या आणि प्रत्येक निरी जागच्या जागी शिवून टाकली. वर नाडी. पायजम्यासारखं चढवायचं, झालं धोतर. पुढून बघितलं तर आरती म्हणावी इतकं छान दिसत होतं.

“आणि मागचं?” मी विचारलं. मागे कासोटा चार कच्च्या टाक्यांवर लोंबत होता.

“मागं कोन बघतंय, ताई?” भाऊ म्हणाला. “पाठ भिंतीला असते.”

त्याच्या धंद्यात ते खरंच होतं. त्याच्या हातून गेलेल्या एकाही गिऱ्हाइकाने मागून तक्रार केलेली नाही.

जहाजावर त्या संध्याकाळी यांनी ते धोतर चढवलं, वर झब्बा, खांद्यावर शेला आणि पायांत कंपनीचे काळे बूट, कारण बंद बूट म्हणजे यांच्याकडे तेवढेच. मी माझी ठेवणीतली पैठणी नेसले. हॉलच्या दाराशी गेलो. आमच्या पुढे अर्ध्या चड्डीतले दोघे तरुण होते. एकाच्या पायांत बाथरूममधल्या स्लिपर होत्या. दारावरचा माणूस आपल्या मोबाइलमध्ये बघत होता. दोघे आत गेले. त्यांच्यामागून बर्म्युडा घातलेले एक आजोबा आत गेले. अख्ख्या जहाजात नियम वाचून आलेली माणसं फक्त रोह्याची होती.

यांनी माझ्याकडे असं बघितलं की दुसरी एखादी बायको समुद्रात उतरली असती. “बघ,” म्हणाले. “लुंगी चालली असती.”

पण तेवढ्यात दारावरच्या माणसाने मान वर केली. धोतर बघितलं आणि मोबाइल खिशात टाकला. हात जोडले, वाकला, आणि आम्हाला कुठल्यातरी संस्थानचे समजून थेट खिडकीपाशी घेऊन गेला. वाटेत दोन कुटुंबांनी यांच्याबरोबर फोटो काढून घेतले. तिसऱ्या कुटुंबापर्यंत यांनी शेला एका हातावर घ्यायला सुरुवात केली होती.

टेबल दोघांचंच होतं. वाढप्याने माझी खुर्ची मागे ओढली. तो ती दुसरीकडे नेतोय असं समजून मी बाजूला झाले. मग कळलं की माझ्यासाठीच ओढलीय. मी बसले. मग तो यांच्या मागे गेला आणि हे बसता बसता त्याने खुर्ची आत सरकवली. कासोट्याचं टोक खुर्चीच्या पायाखाली गेलं. हे पुढे सरकून नीट बसायला गेले आणि टर्रकन आवाज झाला.

“काय झालं?” मी विचारलं.

“काय नाय.”

थोड्या वेळाने हे टेबलावर वाकले आणि म्हणाले, “मागचं गेलं.”

“किती?”

“सगळं.”

पुढून काहीच कळत नव्हतं. निऱ्या जागच्या जागी, काठ झळकतोय, शेला खांद्यावर. मागे पट्ट्यापट्ट्यांची चड्डी आणि खुर्चीची पाठ. मला हसू आवरेना. यांनी डोळे वटारले, पण बसून डोळे वटारण्यापलीकडे त्यांना काही करता येत नव्हतं.

वाढपी आला आणि त्याने हिंदीत मला आधी विचारलं, मॅडम काय घेणार? मी मागे वळून बघितलं. मागे मॅडम नव्हती. मला काय खायचंय हे मला आयुष्यात कोणी विचारलं नव्हतं, त्यामुळे पटकन काही सुचेना. तेवढ्यात हे म्हणाले, “जो मेरे को, वोही उसको.” आणि यांनी भरली वांगी सांगितली. जगाच्या पाठीवर कुठेही न्या, हे वांगी शोधून काढतील.

वांगी आली. यांनी ती कँटीनच्या वेगाने संपवली. संपवून सवयीने दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवले, उठायला म्हणून जोर दिला, आणि पुन्हा खाली बसले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. गल्ला नव्हता, ओटी नव्हती, सुपारीचा डबा खोलीत राहिलेला. बघण्यासारखं समोर एकच होतं, ते म्हणजे मी. मग हे मला बघू लागले. मला लाज वाटायला लागली. घास कसा घ्यायचा तेच विसरायला झालं.

“तू इतकी हळू जेवतेस?” यांनी विचारलं.

“हो.”

“पयल्यापासून?”

“पहिल्यापासून.”

मी भात खाल्ला, वरण खाल्लं, कोशिंबीर खाल्ली. हे बघत होते. मग यांची नजर माझ्या ताटाच्या कडेला गेली.

“वांगी ठेवलीस ती?”

“मला आवडत नाहीत.”

“कवापासून?”

“लहानपणापासून. खाल्लीच नाहीत कधी.”

“मग दर शनवारी घरी करतेस ती?”

“तुम्हाला आवडतात म्हणून.”

“आनि तू काय खातेस तवा?”

“ताकभात. लोणचं.”

“मला कसं नाय दिसलं?”

“तुम्ही उठून गेलेले असता,” मी म्हटलं.

मी हे शांतपणेच म्हटलं, पण राग होता. इतक्या शनिवारांचा राग एकदम कुठून आला कळलं नाही. माहेरून निघताना आईनं सांगितलं होतं, तिथं जे असेल ते गोड मानून घे, आणि मी ते इतकं मनावर घेतलं की घरातल्या माणसालाही पत्ता लागला नाही. यांचा चेहरा पडला होता. एरवी अशा वेळी हे ओटीवर निघून जातात आणि विषय तिथेच संपतो. आज जायची सोय नव्हती. धोतराने धरून ठेवलं होतं.

मग यांनी वाढप्याला हाक मारली. “ए भाऊ,” म्हणाले, “इसको पूछो. क्या मंगताय वो पूछो.”

त्याने पुन्हा विचारलं. या वेळी मला सुचलं. मी तळलेली मच्छी मागवली, मग गोड काय काय आहे ते विचारलं, आणि दोन प्रकारचं आइस्क्रीम मागवलं. सगळं सावकाश खाल्लं. मच्छीचा एकेक काटा काढून ताटाच्या कडेला मांडला. यांनी एकदाही घाई केली नाही. मधेच म्हणाले, “काटे काढतेस बरीक झ्याक.” यांनी माझ्या जेवणावर काढलेले हे पहिले उद्गार.

आजूबाजूची टेबलं रिकामी व्हायला लागली. जेवणाच्या दुसऱ्या पाळीची माणसं दाराशी जमली. शिफ्ट बदलायची वेळ झाल्याचं यांच्या सगळ्यात आधी लक्षात आलं आणि यांना घाम फुटला. शेवटी मी वाढप्याला जवळ बोलावलं आणि खाणाखुणांनी मागची परिस्थिती सांगितली. तो शहाणा माणूस होता. हसला नाही. शेजारच्या रिकाम्या टेबलावरचं पांढरं कापड एका झटक्यात ओढून त्याने यांच्या हातात दिलं.

मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. हे खुर्चीतून अर्धवट उठले, कापड कमरेभोवती फिरलं, एक पिळा, एक खोच, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत लुंगी तयार. कुठे टाका नाही, टाचणी नाही. संध्याकाळभर पावलं मोजत चालणारा माणूस आता मोकळ्या ढांगा टाकत, घरच्यासारखा दाराकडे निघाला. आतून नाडी सोडून काढलेलं निऱ्यांचं धोतर मी पदराखाली घेतलं. दाराशी एक बाई वाट बघत उभ्या होत्या. त्यांनी हिंदीत विचारलं, हा कुठला पोशाख?

“रोहा,” हे म्हणाले, आणि न थांबता पुढे गेले.

परत आल्यावर शनिवार आला. हे सकाळी बाजारात गेले आणि पिशवीतून पडवळ, चवळीची जुडी आणि वाल घेऊन आले. वांगं नव्हतं. मी पिशवी रिकामी केली. वाल भिजवले, मोड आणले, सोलून बिरडं केलं, त्यात रविवार उजाडला.

त्या दिवशी यांनी दोन तांबे अंगावर घेतले, लुंगी-गंजी घातली आणि पाटावर येऊन बसले. मी तवा ठेवायला निघाले तर म्हणाले, “भाकऱ्या राहू दे. भात हाय ना? तुझं पान घे.”

मी पान घेतलं आणि समोर बसले. यांचं जेवण कँटीनच्या वेळेतच झालं. ती सवय काही जहाजावर बुडाली नव्हती. गंजीही वेळेवर छातीपर्यंत चढली. माझा पहिला भात अजून संपायचा होता. यांनी गुडघ्यावर हात ठेवल्याचं दिसलं आणि मी मान खाली घातली. आता उठतील, मग हात धुतल्याचा आवाज येईल, मग ओटीवर अडकित्ता वाजेल. हे सगळं मला पाठ होतं.

आवाज काही आला नाही. मी वर बघितलं. उष्टा हात ताटावर वाळत ठेवून हे तसेच बसले होते.

“उठा की,” मी म्हटलं. “आता काय अडलंय?”

“बिरडं तरी आवडतं ना तुला?” यांनी विचारलं.

“आवडतं.”

“मग जेव सावकाश.”

मी जेवले. दुसरा भात घेतला, त्यावर बिरडं घेतलं, शेवटी ताक घेतलं. हे समोरच होते. कमरेला रोजचीच लुंगी होती, पुढून-मागून धड.